टोपड्याचा आकार, झग्याची लांबी: एका शिवणीच्या वादाचा इतिहास

१/ ७ मे १३१८. दक्षिण फ्रान्समधील मार्सेय शहरात चार फ्रान्सिस्कन भिक्षूंना जिवंत जाळण्यात आले. त्यांच्यावरील खटल्याच्या मुळाशी एक झगा होता: आखूड, तंग, ठिगळे लावलेला आणि टोपडे असलेला. वरिष्ठांनी ठरवलेल्या मापाचा झगा घालण्यास त्यांनी नकार दिला होता. कापड बेतण्याचा प्रश्न चितेपर्यंत कसा पोहोचला, याविषयीचा हा धागा. 🧵

२/ नाटकासाठी किंवा वेशभूषा स्पर्धेसाठी टोपड्याचा पायघोळ झगा शिवायचा असेल, तर आज तयार कागदी पॅटर्न विकत मिळतात. शिवणारा आपली उंची, छातीचे माप आणि कापडाचा पन्हा पाहून त्यांतला एक निवडतो. झगा 'मध्ययुगीन संन्याशाचा' दिसला की काम झाले, असा सर्वसाधारण समज असतो. मात्र त्या संन्याशांच्या दृष्टीने टोपडे टोकदार की गोल, झगा घोट्यापर्यंत की त्याहून वर, हे प्रश्न किरकोळ नव्हते.

३/ आरंभ सहाव्या शतकात होतो. संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीतील ५५वे प्रकरण मठवासीयांच्या वस्त्रांविषयी आहे. प्रत्येकाला दोन अंगरखे आणि टोपड्याची दोन वस्त्रे पुरेशी मानली आहेत. कापडाचा रंग किंवा भरडपणा यांबद्दल तक्रार करू नये, त्या प्रदेशात जे स्वस्त मिळेल ते घ्यावे, आणि वस्त्रे आखूड होऊ नयेत याकडे मठाधिपतीने लक्ष द्यावे, असा दंडक आहे. माप ठरवण्याचा अधिकार मठाधिपतीकडे गेला, तो असा.

४/ तेराव्या शतकाच्या प्रारंभी इटलीतील असिसी येथे फ्रान्सिस नावाच्या तरुणाने घर सोडले. त्याचे वडील कापडाचे व्यापारी. उंची वस्त्रांच्या दुकानात वाढलेल्या या मुलाने बिशपसमोर अंगावरचे कपडे उतरवून वडिलांना परत केले. पुढे त्याने जो झगा पत्करला, त्याची घडण क्रुसासारखी होती, असे त्याचा पहिला चरित्रकार तोमासो दा चेलानो नोंदवतो.

५/ क्रुसाचा हा आकार शिवणकामाच्या दृष्टीनेही सोपा होता. मध्ययुगीन युरोपातील साधा अंगरखा सरळ पट्ट्यांतून बेतला जाई: धडाला दोन पट्टे, बाह्यांना दोन, आणि चालताना पाय अडखळू नयेत म्हणून घेराला त्रिकोणी कळ्या. कळीदार कुडता शिवलेल्या कोणाही शिंप्याला ही रीत ओळखीची वाटेल. टोपड्याची कल्पना तान्ह्या मुलाच्या कुंचीवरून करता येते: डोके झाकणारा भाग आणि खांद्यांवर उतरणारे कापड.

६/ १२२३मध्ये पोपने मान्य केलेल्या फ्रान्सिस्कन नियमावलीत वस्त्रांचे परिमाण स्पष्ट आहे: टोपडे असलेला एक अंगरखा आणि हवा असल्यास टोपड्याविना आणखी एक. सर्वांनी हलक्या प्रतीची वस्त्रे घालावीत आणि त्यांना गोणपाटाची किंवा इतर कापडाची ठिगळे लावण्यास हरकत नसावी. पण झग्याची लांबी किती, घेर किती, टोपडे कोणत्या आकाराचे, याविषयी नियमावली मौन पाळते. पुढील तीनशे वर्षांचे वाद याच मौनातून उपजले.

७/ १२२६मध्ये फ्रान्सिसचा मृत्यू झाला. संप्रदाय झपाट्याने वाढला. भटक्या भिक्षूंच्या जागी मोठे मठ आले, ग्रंथालये आली, विद्यापीठांतील अध्यापक आले. वस्त्रेही सैल आणि चांगल्या कापडाची होऊ लागली. मूळ दारिद्र्यव्रत काटेकोर पाळू इच्छिणाऱ्या गटाला हे मान्य नव्हते. इतिहासात हा गट 'स्पिरिच्युअल' या नावाने ओळखला जातो.

८/ या गटाने मुद्दाम आखूड आणि तंग झगे घालण्यास सुरुवात केली. त्यामागील तर्क सरळ होता. यंत्रयुगापूर्वी कापड महाग होते. लोकर कातणे, विणणे, रंगवणे हे सारे हाताने होई. रुंद बाही आणि मोठा घेर म्हणजे जास्त कापड, आणि जास्त कापड म्हणजे जास्त पैसा. निर्धनतेची शपथ घेतलेल्या माणसाच्या अंगावर प्रत्येक वीतभर जादा कापड हा शपथेचा भंग, अशी त्यांची धारणा होती.

९/ १३१६मध्ये बाविसावा जॉन पोपपदी आला. पोपचे वास्तव्य तेव्हा फ्रान्सच्या दक्षिणेकडील आव्हिन्यो येथे होते. १३१७मध्ये त्याने नार्बोन आणि बेझिये येथील मठांतील स्पिरिच्युअल भिक्षूंना तेथे बोलावून घेतले. ७ ऑक्टोबर १३१७ रोजी 'कोरुंदाम एक्सिजित' हे आज्ञापत्र निघाले. झग्याची लांबी, रुंदी, जाडी, रंग आणि आकार ठरवण्याचा अधिकार संप्रदायाच्या प्रमुखाला असून त्याची आज्ञा सर्वांनी पाळावी, असे त्यात बजावले होते. मठांत धान्याची कोठारे व मद्याची तळघरे ठेवण्यासही वरिष्ठांच्या निर्णयाने मुभा मिळाली.

१०/ आज्ञापत्राच्या अखेरीस पोपने मूल्यांची उतरंड मांडली: दारिद्र्य थोर खरे, पण आज्ञापालन सर्वांत थोर. बहुतेक भिक्षू नमले. न नमणाऱ्यांना मिशेल ल म्वान या धर्मन्यायाधीशासमोर उभे करण्यात आले. तो स्वतःही फ्रान्सिस्कनच होता. अखेरपर्यंत माघार न घेतलेल्या चौघांना मार्सेयमध्ये जाळण्यात आले.

११/ केवळ झग्यासाठी हे घडले काय? चौघांचे म्हणणे असे होते की, फ्रान्सिसची नियमावली ही साक्षात ख्रिस्ताच्या शिकवणीचे रूप असून पोपलाही ती बदलता येणार नाही. पोपच्या अधिकाराला दिलेले हे आव्हान पाखंड ठरले. झगा त्या आव्हानाची दृश्य खूण होता. कोठारात धान्य किती, हे रस्त्यावरच्या माणसाला दिसत नाही. पोटरीपर्यंतचा ठिगळांचा झगा मात्र प्रत्येकाला दिसतो. सत्तेला तो नेमका त्यामुळेच खुपत होता.

१२/ नियतीचा खेळ पुढेच आहे. स्पिरिच्युअल गटाला नमवणारा संप्रदायप्रमुख चेझेनाचा मिकेले दारिद्र्याच्याच प्रश्नावर पोपशी भांडला आणि १३२८मध्ये आव्हिन्योहून पळून गेला. तत्त्वज्ञ विल्यम ऑफ ऑकम त्याच्यासोबत होता. उंबेर्तो एको यांच्या 'द नेम ऑफ द रोझ' या कादंबरीचे कथानक याच तणावाच्या काळात, १३२७मध्ये घडते.

१३/ दोन शतकांनंतर वाद पुन्हा पेटला; या वेळी केंद्रस्थानी टोपडे होते. १५२५मध्ये मातेओ दा बाशो या इटालियन भिक्षूला वाटले की, फ्रान्सिसचे टोपडे टोकदार होते आणि आपल्या काळातील टोपडे मूळ नमुन्यापासून ढळले आहे. तसा झगा घालून तो रोमला गेला. ३ जुलै १५२८ रोजी पोप सातवा क्लेमेंट याने या नव्या शाखेला मान्यता दिली.

१४/ टोपड्यासाठी इटालियन शब्द 'कापुच्चो'. त्यावरून या शाखेचे नाव पडले कापुचिन. इतर फ्रान्सिस्कनांचे टोपडे गोलसर असून त्याला खांद्यांवरची आखूड झूल जोडलेली असे. कापुचिनांनी झूल काढून टाकली आणि लांब टोकदार टोपडे थेट झग्याला शिवले. त्यांच्या झग्याच्या तपकिरी रंगावरून पुढे 'कापुचिनो' कॉफीला नाव मिळाले.

१५/ सतराव्या शतकात बोव्हेरियो या कापुचिन इतिहासकाराने फ्रान्सिसच्या झग्याचे 'खरे रूप' सिद्ध करण्यासाठी ताम्रपटांवर कोरलेल्या आकृत्यांसह ग्रंथ लिहिला. २००७मध्ये फ्लोरेन्समधील भौतिकशास्त्रज्ञांनी फ्रान्सिसचे म्हणून जतन केलेले झगे कार्बन-१४ पद्धतीने तपासले. फ्लोरेन्सच्या सांता क्रोचे चर्चमधील झगा त्याच्या मृत्यूनंतरचा निघाला. कोर्तोना येथील झगा त्याच्या हयातीशी जुळणारा ठरला.

१६/ हे टोकदार टोपडे मराठ्यांच्या इतिहासातही डोकावून जाते. जानेवारी १६६४मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, तेव्हा तेथील कापुचिन पाद्री फादर अँब्रोज यांच्या निवासस्थानाला धक्का लावला नाही, असे फ्रेंच प्रवासी बर्निए आपल्या प्रवासवर्णनात लिहितो. फिरंगी पाद्री सज्जन आहेत, असे महाराजांचे मत असल्याचेही तो नोंदवतो.

१७/ तेव्हा असा झगा शिवणाऱ्याने मापाआधी काळ आणि पात्र ठरवावे. १२२०च्या आसपासचा फ्रान्सिस असेल, तर न रंगवलेली, राखेच्या रंगाची भरड लोकर, सरळ पट्टे, कमरेला दोरी आणि ठिगळे. १३१७चा स्पिरिच्युअल असेल, तर घेर कमी आणि लांबी आखूड. १५२८नंतरचा कापुचिन असेल, तर टोपडे टोकदार आणि खांद्यावर झूल नाही. बेनेडिक्टचा अनुयायी असेल, तर झगा अंगाला पुरेसा लांब. झिप आणि चकाकते सॅटिन यांपैकी एकाही काळात बसत नाही.

१८/ पॅटर्नच्या कागदावरची रेघ आज शिवणारा स्वतःच्या सोयीने चार बोटे वर-खाली करू शकतो. मार्सेयच्या चौघांना ती मोकळीक नव्हती. इतरांनी आखलेल्या रेघेवर कात्री चालवायची नाही, एवढाच त्यांचा हट्ट होता, आणि त्यासाठी त्यांनी प्राण दिले. (समाप्त)