तांबडी शाई आणि टिपणवही

नाशकात मराठी शिकवणाऱ्या आम्हा काहीजणांना एक जुनी सवय आहे. भाषेविषयी कुठे काही वाचनात आले की ते कापून ठेवायचे, स्टाफरूममध्ये फिरवायचे आणि त्यावर भांडायचे. या सवयीचे मूळ 'भाषा आणि जीवन' या त्रैमासिकात आहे. पुण्याच्या मराठी अभ्यास परिषदेने ते १९८३ साली सुरू केले आणि अशोक केळकर त्याचे पहिले संपादक होते. लोकांनी कसे बोलावे यापेक्षा ते कसे बोलतात याकडे कुतूहलाने पाहणारे हे नियतकालिक होते. मराठीत ही दृष्टी दुर्मीळ का, याचा शोध घेताना आम्हांला बरेच मागे जावे लागले.

आरंभ तर ऐकण्यानेच झाला होता. मोल्सवर्थचा कोश १८३१ साली निघाला आणि १८५७ साली त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती आली. त्यात बोलण्यातला ग्राम्य शब्दही काव्यातल्या शब्दाशेजारी सुखाने नांदतो. कोशकाराला शब्द हवा होता. तो कोणाच्या तोंडचा, हा प्रश्न नंतरचा. पुढे चिपळूणकरांनी १८७४ साली 'निबंधमाला' सुरू केली. मराठीच्या स्थितीचा इतका तळमळीने विचार करणारा लेखक त्या काळात दुसरा क्वचितच असेल. पण जोतीराव फुल्यांच्या लेखनाचा समाचार घेताना त्यांना फुल्यांच्या मुद्द्यांइतक्याच त्यांच्या व्याकरणाच्या चुका दिसल्या. आमच्या मते तांबडी शाई खऱ्या अर्थाने सांडली ती इथे. कोण बोलतो आहे, हे त्याच्या ऱ्हस्वदीर्घावरून ठरू लागले.

आमच्याच जिल्ह्यातल्या भगूरचे सावरकर १९२४नंतर रत्नागिरीला स्थानबद्ध असताना भाषाशुद्धीच्या कामाला लागले. त्यांचा 'महापौर' आज कोणाला परका वाटत नाही, आणि हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण 'शुद्ध' हे विशेषण एकदा भाषेला चिकटले की ते परभाषेतून आलेल्या शब्दांपाशी थांबत नाही. घरच्या बोलीलाही ते लागू होते. साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ साली शासनाने स्वीकारले, १९७२ साली आणखी ४ आले. नियम लेखनाचे होते, आम्ही शिक्षकांनी ते बोलण्यालाही लावले.

या साऱ्यात अहिराणीचे काय झाले? बागलाण, मालेगाव या भागांतली मुले आमच्या वर्गात ती घरून घेऊन येतात. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणात मराठीला १९०५चा सातवा खंड मिळाला, तर खानदेशी १९०७ साली नवव्या खंडात भिल्ली बोलींबरोबर नोंदली गेली. वर्गीकरणाबद्दल वाद घालता येईल, पण नोंद झाली. (नमुना म्हणून बहुतेक ठिकाणी बायबलातल्या उधळ्या मुलाचीच गोष्ट घेतल्यामुळे, त्या मुलाला किती बोलींत पश्चात्ताप करावा लागला, याची गंमत वाटते.)

आता आमची स्वतःची गोष्ट. काही वर्षांपूर्वी सटाण्याकडच्या एका विद्यार्थ्याने निबंधात 'सगळे' या अर्थी 'बठ्ठा' लिहिले. आजोबांच्या मळ्याचे ते वर्णन होते आणि शब्द तिथे चपखल बसला होता. आम्ही त्याला गोल केला आणि एक गुण कापला. पुढच्या सत्रात त्याचे लेखन निर्दोष होते. मळा मात्र पुन्हा कधी आला नाही. त्याच सुमारास 'भाषा आणि जीवन'च्या जुन्या अंकांवर आम्ही चहापानात मोठ्या उत्साहाने बोलत होतो, हे आठवले की आजही संकोच वाटतो.

यंदा प्रथम वर्षाच्या मुलांना आम्ही एकेक टिपणवही दिली. घरात बोलले जाणारे पण पुस्तकात न सापडणारे दहा शब्द, ते कोण म्हणते आणि केव्हा म्हणते, एवढेच लिहायचे. पहिल्या आठवड्यात निम्म्या वह्या कोऱ्या परत आल्या. कारण विचारले तेव्हा मागच्या बाकावरून एकीने विचारले, "सर, यांचे गुण कापणार का?"