गिम्पचे स्थलांतर

१९९५ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले शाखेत स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी चित्रसंस्कारासाठी एक संगणकीय आज्ञावली लिहावयास घेतली. तिचे नाव गिम्प. छायाचित्रे कातरावी, रंग सुधारावे, चित्रावर चित्र बसवावे, ही तिची कामे. आणि तिची मूळ संहिता कोणीही वाचावी, बदलावी, वाटावी अशी कर्त्यांनी मोकळीक दिलेली. परंतु १९९६ साली ती लोकांपुढे आली तेव्हा तिच्या खिडक्या आणि बटणे रेखाटणारा मोटिफ हा साधनसंच विकतचा होता. ज्याच्यापाशी मोटिफ नाही, त्याला संहिता हाती असूनही तिची जुळणी करता येईना. दान मोकळे, पात्र मात्र भाड्याचे! तेव्हा या दोघांनी जीटीके नावाचा स्वतःचा साधनसंच रचला. १९९७ साली आरंभिलेला ग्नोम हा डेस्कटॉप पुढे त्याच पायावर उभा राहिला.

हा पाया मुळात युनिक्सवरील एक्स या खिडकी-पद्धतीसाठी घातलेला होता. २००१ च्या मार्चमध्ये ॲपल कंपनीची मॅक ओएस टेन ही प्रणाली आली. तिचा गाभा युनिक्सच्याच कुळातला. पण पडद्यावर रेखाटन करणारी तिची क्वार्ट्झ ही व्यवस्था निराळी. कूळ एक, बोली वेगळी. परिणामी गिम्प तेथे बरीच वर्षे दुभाष्याच्या आधाराने वावरली. आधी एक्स सुरू करावयाचे, मग गिम्प. मॅकच्या रिवाजाप्रमाणे पडद्याच्या माथ्यावर असावयाची आज्ञांची पट्टी खिडकीलाच चिकटलेली, कळफलकाचे संकेतही परके. पाहुणी घरात आली होती, घरची झाली नव्हती.

गिम्पची संहिता कितीही घासूनपुसून हे साधण्याजोगे नव्हते. जीटीकेच्या तळाशी प्रत्यक्ष खिडकी-पद्धतीशी बोलणारा जीडीके हा थर असतो. तो क्वार्ट्झसाठी नव्याने लिहावा लागला. हे काम चिकाटीचे आणि फारसे कोणाच्या नजरेत न भरणारे. २०१२ च्या जुलैमध्ये ॲपलने आपल्या प्रणालीसोबत एक्स देणे थांबविले, आणि ऑगस्टमध्ये आलेली गिम्पची २.८.२ ही आवृत्ती मॅकवर दुभाष्याविना चालू लागली.

गंमत अशी, की गिम्पसाठी जन्मलेल्या जीटीकेचा संसार पुढे गिम्पहून मोठा झाला. त्याची तिसरी पिढी २०११ साली अवतरली; गिम्पने ती आपल्या ३.० या आवृत्तीत स्वीकारली, तेव्हा २०२५ चा मार्च उजाडला होता.