जन्मगुण आणि मेहनत : एका खेळाच्या गणिताचा इतिहास

प्राण्यांस पाळून, शिकवून त्यांची झुंज लावणें आणि तिच्या निकालाचा अंदाज आधींच बांधणें ही करमणूक फार जुनी आहे. बाराव्या शतकांत कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें रचलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथांत कोंबडे, लावे, मेंढे व रेडे यांच्या झुंजींस राजविनोदांत स्वतंत्र स्थान मिळालें आहे. अबुल फज्ल 'आईन-इ-अकबरी'त हत्तींचे सात वर्ग पाडतो व वर्गागणिक त्यांचा रोजचा रतीब नोंदवितो. अशा प्रत्येक झुंजीपाशीं एक प्रश्न उभा असतो : जय मिळतो तो जातीच्या गुणानें, कीं शिकविणाराच्या मेहनतीनें?

या प्रश्नाचें चोख आंकड्यांत मांडलेलें उत्तर पाहावयाचें असेल तर मुलांच्या एका खेळाकडे वळावें लागतें. १९९६ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें गोव्यांतील 'धिरयो', म्हणजे बैलांच्या झुंजी, बेकायदा ठरविल्या. त्याच वर्षाच्या फेब्रुवारींत जपानांत 'पोकेमॉन' हा खेळ विक्रीस आला. त्याचा जनक सातोशी ताजिरी हा टोकियोच्या उपनगरांत वाढला. लहानपणीं किडे गोळा करण्याचा त्यास नाद होता, आणि ज्या शेतांत व तळ्यांत ते सांपडत तीं शेतें व तळीं वाढत्या शहरानें डोळ्यांदेखत गिळलीं. हरवलेल्या शेतांतील तो शिकारीचा आनंद शहरी मुलांस परत द्यावा, हा त्याचा हेतु होता. आमच्या उपनगरांस ही कथा परकी वाटूं नये. अंधेरी व घाटकोपर १९५० सालीं आणि बोरिवली व मुलुंड १९५७ सालीं बृहन्मुंबईंत आलीं. साष्टीच्या भातखाचरांवर इमारती चढल्या, आणि बोरिवलीचें राष्ट्रीय उद्यान तेवढें रानाची आठवण म्हणून उरलें. येथील मुलांनीं हा खेळ प्रथम चित्रमालिकेच्या रूपानें ओळखला. २००३ सालापासून ती दूरदर्शनसंचावर हिंदींत दिसूं लागली. पुढें डिसेंबर २०१६ मध्यें 'पोकेमॉन गो' रिलायन्स जिओच्या साह्यानें भारतांत आला. त्यांतील अंडें उबविण्यास कांहीं किलोमीटर पायीं चालावें लागतें. लोकलच्या वेगानें तोडलेलें अंतर त्यांत धरीत नाहींत!

आतां मूळ खेळाचें गणित पाहूं. प्रत्येक प्राण्यास सहा गुण : जीवनशक्ति, चढाई, बचाव, विशेष चढाई, विशेष बचाव आणि वेग. २००२ पासून चालत आलेल्या रीतीनें प्रत्येक गुणाचा आंकडा चार गोष्टींनीं बनतो. पहिली, जातीचा मूलांक, दुसरी, जन्मतः मिळालेला गुप्त आंकडा, ० ते ३१, तिसरी, मेहनतीचे गुण, एका गुणास फार तर २५२ व साऱ्यांस मिळून ५१०, ज्यांतील प्रत्येक चारांचा शंभराव्या पायरीवर एक होतो, चौथी, स्वभाव. स्वभाव पंचवीस असून त्यांतील बहुतेक एक गुण दहा टक्क्यांनीं वाढवितात व दुसरा तितकाच घटवितात.

मुलांच्या आवडत्या पिकाचूचा वेग घेऊं. मूलांक ९०, त्याची दुप्पट १८०. शंभराव्या पायरीवर तींत जन्माचे ३१, मेहनतीचे ६३ आणि सर्वांस मिळणारे ५ मिळविले कीं २७९ होतात. स्वभाव अनुकूल असल्यास ३०६. उलट जन्म शून्य, मेहनत शून्य व स्वभाव प्रतिकूल असला तर १६६. जात एक, नांव एक, आणि अंतर एवढें!

येथें चतुर वाचकाच्या लक्षांत येईल कीं, या सूत्रांत मेहनतीचें वजन जन्माच्या दुपटीहून किंचित् अधिक आहे. तरीहि खेळाडू वेडावले ते जन्माच्या मागें. १९९९ सालीं खेळांत अंडीं व संतति आली, आणि उत्तम बीजाच्या शोधांत नकोशीं पिलें टाकून देण्याचा धंदा सुरू झाला. सहाहि गुणांत ३१ घेऊन आपोआप जन्मणारा प्राणी १०७ कोटींत एक. म्हणून पिढ्यान्पिढ्या निवड करीत बसावें लागे. मेहनत दुप्पट मोलाची असतांना हें कां व्हावें? कारण उघड आहे. मेहनतीचा मार्ग सर्वांस ठाऊक झाल्यावर प्रत्येक जण ६३ मिळवितोच. मग जय ठरवावयास जन्माचे ३१ तेवढे उरतात.

खेळ करणारांसहि हें कालांतरानें जाणवलें असावें. नोव्हेंबर २०१६ मध्यें त्यांनीं असा नियम आणला कीं, दुर्मिळ बाटलीबूच देऊन विशेष शिक्षण घेतलेला प्राणी झुंजींत उत्तम जन्माच्या बरोबरीनें लढेल. २०१९ मध्यें स्वभावाचा परिणाम पालटणारा पुदिनाहि आला. मात्र मूळ आंकडा तसाच राहतो व संततीस तोच मिळतो; मिळविलेला गुण पुढील पिढीस पोंचत नाहीं. लामार्कच्या मतास येथें थारा नाहीं.

स्पर्धेच्या शिखरावरून पाहणारास जन्मच सर्व कांहीं दिसतो, ही या इतिहासाची शिकवण आम्हांस मोलाची वाटते. आमच्या उपनगरांत शिकवणीवर्गांच्या पाट्यांनीं भिंती भरल्या आहेत. समान शिकवणी मिळालेलीं मुलें परीक्षेस बसतात, आणि मग उरलेल्या थोड्या फरकास आम्ही 'उपजत बुद्धि' हें नांव देऊन मोकळे होतों. ज्यांस शिकवणी मिळालीच नाहीं तीं मुलें या तुलनेंत दिसतच नाहींत. त्यांच्यासाठीं पिकाचूचाच हिशेब पुन्हां करावा. स्वभाव सम धरून उत्तम जन्माचा पण न शिकविलेला : २१६. हीन जन्माचा पण पूर्ण शिकविलेला : २४८. ज्यास ही वजाबाकी करतां येते त्यानें कोणत्याहि मुलास 'मुळांतच नाहीं' असें म्हणण्यापूर्वीं, त्यास शिकविलें किती, हें आधीं विचारावें.