अहिल्यानगर (अहमदनगर) : निजामशाही राजधानीचा फारसी वारसा

महाराष्ट्रातील जिल्ह्याचे ठिकाण व निजामशाहीची जुनी राजधानी. पुण्याच्या ईशान्येस सुमारे १२० किमी., सीना नदीच्या डाव्या काठी. अहिल्यानगर हे अधिकृत नाव २०२४ पासूनचे. लोकांच्या तोंडी मात्र नुसते ‘नगर’. निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याने २८ मे १४९० रोजी याच परिसरात बहमनी फौजेचा पराभव केला आणि १४९४ मध्ये भिंगार गावाशेजारी नवे शहर वसवायला घेतले. जुन्नर आणि दौलताबाद या दोन्ही ठाण्यांवर मधोमध बसून लक्ष ठेवता यावे, हा त्यामागचा हिशेब.

हे घराणे इराणी नव्हते. मलिक अहमदचा बाप मलिक हसन हा पाथरीच्या ब्राह्मण कुळात जन्मलेला आणि पुढे मुसलमान होऊन बहमनी दरबारात चढलेला. त्यामुळे नगरला आलेला फारसी थाट रक्ताने आलेला नाही, ठरवून आणलेला आहे. दरबाराची भाषा, बागांची आखणी, राज्याचा पंथ, इतिहास लिहिण्याची रीत, सगळे इराणकडे पाहून घेतले. दगड, चुना आणि राबणारे हात दख्खनचे. या शहराच्या वास्तूंकडे इराणी नमुन्यांच्या नकला म्हणून पाहिले, तर त्यांतले निम्मे दिसतच नाही.

इराणकडून आलेल्यांत सर्वांत वजनदार माणूस शाह ताहिर. इस्माइली पंथाच्या एका शाखेचा हा इमाम काशान सोडून १५२० च्या सुमारास समुद्रमार्गे गोव्यात उतरला आणि परांड्यावरून नगरला आला. दुसरा सुलतान पहिला बुऱ्हाण निजामशाह याने त्याच्याच प्रभावाखाली १५३७ मध्ये शिया पंथ हा राज्याचा पंथ म्हणून जाहीर केला. शहरात दंगल उसळली, शेजारच्या सुलतानांनी चाल केली, तरी निर्णय फिरला नाही. बारा इमामांच्या नावाने बांधलेला कोटला ही त्याच वेळची वास्तू. ती मुळात विद्यापीठवजा संस्था होती. बुऱ्हाण वारल्यावर त्याचा देह दफनासाठी करबल्याला पाठवला गेला. निजामशाही लोपून साडेतीनशेहून अधिक वर्षे झाली, तरी कोटल्याचा मोहरम चालू आहे. बडे इमाम आणि छोटे इमाम यांच्या सवाऱ्या, कत्तलची रात्र आणि विसर्जनाची मिरवणूक यांत हिंदू घराणीही नवस, मान आणि खांदा घेऊन उतरतात.

खरा ठेवा पाण्याचा. उंचावरच्या भागांतले झरे व विहिरी जमिनीखालच्या नळांनी जोडून, नुसत्या उतारावर पाणी शहरात, किल्ल्यात आणि बागांत खेळवले होते. भाजलेल्या मातीच्या पन्हळ्यांमुळे याला ‘खापरी नळ’ म्हणतात. वाटेत ठिकठिकाणी हवा खेळती राहावी व गाळ काढता यावा म्हणून उभारलेल्या मनोऱ्यांना ‘उच्छ्वास’ म्हणतात. कापूरवाडीचा नळ या जाळ्यातला जुना. कल्पना यझ्द-काशानकडच्या कनातींची, म्हणजे भुयारी पाटांची. पण इराणात डोंगराच्या पायथ्याचा गाळथर खोदायचा असतो, इथे काळ्या कातळाशी गाठ. म्हणून लांबच लांब बोगद्यांऐवजी बांधीव पाट आणि खापरी नळ यांवर भर दिलेला दिसतो. पुढे निजामशाहीचाच वजीर मलिक अंबर याने खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, इथे नहर काढली, ती विद्या याच परंपरेतली.

या पाण्यावर बागा उभ्या राहिल्या. सावेडीकडचा हश्त बिहिश्त बाग अष्टकोनी तळ्यातल्या अष्टकोनी महालाचा. आज तो मोडकळीस आला आहे. शहराच्या आग्नेयेचा फराह बाग त्यामानाने धड आहे. आधीचा महाल मुर्तझा निजामशाहाला पसंत पडला नाही म्हणून तो पाडवून दुसरा बांधवला, असे सांगतात; हा दुसरा १५८३ मध्ये पुरा झाला. चौरस तलावाच्या मधोमध भल्यामोठ्या कमानींची ही वास्तू, आत उंच घुमटाचे दालन, चारी अंगांनी वारा. याच महालावरून ताजमहाल सुचला, ही नगरकरांची लाडकी गोष्ट. मध्ये एक दालन आणि भोवती आठ, हा आराखडा इराणी जगात सर्वत्र चालत होता आणि आग्ऱ्याला तो शिकायला नगरला यावे लागत नव्हते. फराह बागेला असल्या शिफारसपत्राची गरजही नाही.

फराह बाग पुरा करणारा मंत्री सलाबतखान याची कबर पाथर्डी रस्त्यावरच्या शाह डोंगरावर आहे. सुमारे ७० फूट उंचीची ही तीन मजली अष्टकोनी इमारत दुरून दिसते. लोक तिला ‘चांदबिबीचा महाल’ म्हणतात. पुढे नगरचा किल्ला लढवणाऱ्या चांदबिबीचा तिच्याशी काही संबंध नाही. भातोडीचा तलावही सलाबतखानाचाच. १६२४ मध्ये मलिक अंबरने मोगल आणि आदिलशाही फौजांना पाण्या-चिखलात कोंडून हरवले ते इथे. त्या लढाईत शहाजीराजांचे धाकटे बंधू शरीफजी पडले. या दोघा भावांची नावे नगरच्या शाह शरीफ पिरावरून ठेवली गेली, अशी भोसले घराण्याची परंपरा आहे.

किल्ल्याची मूळ मातीची तटबंदी हुसेन निजामशाहाच्या काळात १५५९ ते १५६२ दरम्यान दगडात बांधली गेली. किल्ल्यापासून जवळच दमडी मशीद. किल्ल्यावरच्या मजुरांनी प्रत्येकी एकेक दमडी दिली, तीतून ती उभी राहिली ही आख्यायिका. १५६७ च्या सुमाराची ही मशीद अगदी आटोपशीर आहे. कातीव कामात मात्र नगरमधल्या थोरल्या इमारतींना ती मागे टाकते. बागरोजा या पहिल्या निजामशाहाच्या काळ्या दगडी मकबऱ्याच्या आवारात गुलामअली नावाच्या हत्तीचीही कबर दाखवतात. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत विजयनगरच्या रामरायाला पकडून देणारा हत्ती तो हाच, असे मानतात.

दरबारात लेखक-कवींचीही रीघ होती. कास्पियन समुद्राकाठच्या अस्त्राबादला जन्मलेला इतिहासकार फिरिश्ता नगरलाच वाढला. कवी जुहूरीने आपले ‘साकीनामा’ दुसऱ्या बुऱ्हाण निजामशाहाला अर्पण केले, तर त्याच सुलतानाच्या आश्रयाने सय्यद अली तबातबाने ‘बुऱ्हान-इ-मआसिर’ हा इतिहास लिहिला. हे सारे सुखासुखी चालले नव्हते. दख्खनी आणि परदेशी, ज्यांना ‘गरीब’ किंवा ‘आफाकी’ म्हणत, यांच्यातले वैर १५८९ मध्ये उफाळले आणि शहरात इराणी वंशाच्या लोकांची कत्तल झाली. त्यानंतर फिरिश्ता विजापूरला गेला. त्याचा प्रसिद्ध इतिहास आदिलशाही आश्रयाखालचा आहे, ते यामुळे.

१५९५-९६ मध्ये चांदबिबीने राजपुत्र मुरादचा वेढा परतवला; १६०० मध्ये मात्र किल्ला मोगलांकडे गेला. १७०७ मध्ये औरंगजेब इथेच भिंगारजवळच्या छावणीत वारला. १७५९ मध्ये पेशव्यांनी किल्ला मिळवला आणि १८०३ मध्ये इंग्रजांनी. १९४२ पासून तिथे स्थानबद्ध असलेल्या नेहरूंच्या पुस्तकाची आठवण सर्वांना असते. त्याच किल्ल्यात मौलाना आझादांनी ‘गुबार-ए-खातिर’मधील पत्रे लिहिली; उर्दूतली, पण पानोपानी फारसी शेर पेरलेली.

राजधानीतल्या दोन मोठ्या वस्तू पाहायच्या तर नगर सोडावे लागते. मुहम्मद बिन हसन रूमी याने १५४९ मध्ये नगरला ओतलेली ‘मलिक-इ-मैदान’ तोफ विजापूरच्या बुरुजावर आहे. हुसेन निजामशाहाच्या कारकिर्दीवर आफताबीने रचलेल्या ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ या सचित्र फारसी काव्याचे हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात जपलेले आहे. तालिकोटच्या युद्धासोबतच हुसेन आणि राणी खुंजा हुमायून यांची चित्रे त्यात होती. पुढे कोणीतरी बहुतेक ठिकाणी राणीची आकृती खरवडून वा रंग फासून पुसली आहे.