सरफोजी: नगरच्या नवसाचे, तंजावरच्या गादीचे

सरफोजी हे नाव आज महाराष्ट्रात बारशाला कोणी सुचवत नाही. शाळेत इतिहासाच्या पुस्तकात 'तंजावरचे सरफोजीराजे' म्हणून ते कधीतरी भेटते आणि परीक्षेबरोबर विसरले जाते. शहाजी, संभाजी, तानाजी ही त्याच वळणाची नावे गावोगाव कानावर पडतात. त्यांच्याच पंगतीतले हे नाव मात्र तमिळ मुलखात गेले आणि तिकडचेच होऊन बसले. तिकडे ते बाजाराला आहे, सरकारी महाविद्यालयाला आहे, समुद्रकाठच्या एका गावालाही आहे. निघाले मात्र ते नगरच्या एका पिराच्या दर्ग्यातून.

वेरूळचे मालोजी भोसले निजामशाहीतले सरदार. त्यांच्या पत्नी उमाबाई म्हणजे फलटणच्या निंबाळकरांची लेक. धाकटे भाऊ विठोजी यांना आठ मुलगे, आणि थोरल्याच्या घरी पाळणा हलेना. देवधर्म झाला, दानधर्म झाला. शेवटी नगरच्या शाह शरीफ नावाच्या पिराला नवस बोलला गेला आणि मालोजींना पाठोपाठ दोन मुलगे झाले, असे बखरी सांगतात. पिराचे नाव दोघा भावांत वाटून दिले गेले. थोरल्याला 'शाह' मिळाला, तो शहाजी. धाकट्याला 'शरीफ' मिळाला, तो शरीफजी. शाह शरीफांचा दर्गा आजच्या अहिल्यानगरला लागून असलेल्या दर्गादायरा इथे आहे.

त्या काळच्या मराठी माणसाला यात नवल वाटण्यासारखे काही नव्हते. मूल ज्याच्या नवसाचे, त्याचे नाव मुलाला द्यायचे, हा सरळ व्यवहार होता. खंडोबाला बोललेला खंडू, भैरोबाचा भैरू, म्हसोबाचा म्हसू, पिराचा पिराजी. महात्मा फुल्यांचे जोतीराव हे नावही जोतिबाच्या नावावरूनच आले. फारसी-अरबी शब्दांना मराठी शेपूट जोडून केलेली नावे तर दरबारात, छावणीत, गावगाड्यात सगळीकडे होती. चाकणचा किल्ला लढवणारा फिरंगोजी नरसाळा, कान्होजी आंग्र्यांचा मुलगा सेखोजी, निंबाळकरांतले हैबतराव ही सगळी या टांकसाळीतली नाणी. 'शरीफ' म्हणजे कुलीन, खानदानी. त्याला 'जी' लागला की शरीफजी झाले, 'ओजी' लागला की शरफोजी. मधल्या 'री'तला 'ई' बोलण्याच्या ओघात गळाला. आणि 'शेख'चा जसा सेखोजी झाला, तसाच इथेही सुरुवातीच्या 'श'चा 'स' होऊन सरफोजी तयार झाले.

पहिल्या शरीफजींच्या वाट्याला आयुष्य थोडे आले. 1624 मध्ये नगरजवळ भातवडीला मलिक अंबरने मुघल आणि आदिलशाही फौजांना गाठले. तळ्याचा बांध फोडून शत्रूच्या छावणीत पाणी सोडले, चिखलात अडकलेल्या फौजेवर छापे घातले आणि लढाई जिंकली. शहाजी आणि शरीफजी दोघेही अंबरच्या बाजूने लढत होते. त्या लढाईत शरीफजी पडले. ज्या गावच्या पिराचे नाव घेऊन जन्मले, त्याच गावच्या शिवारात त्यांना मरण आले. थोरल्या भावाचे नाव पुढे शिवाजी महाराजांचे वडील म्हणून अजरामर झाले. धाकट्याचे नाव कागदांत एका ओळीपुरते राहिले. सातारा किंवा कोल्हापूरच्या गादीवर या नावाचा एकही छत्रपती झाला नाही.

हे नाव जगले ते शहाजीराजांच्या आणखी एका मुलामुळे. तुकाबाई मोहित्यांचे चिरंजीव व्यंकोजी, म्हणजेच एकोजी, यांनी 1675-76 च्या सुमारास तंजावर घेतले आणि कावेरीकाठी भोसल्यांचे राज्य उभे केले. त्यांना दीपाबाईंपासून तीन मुलगे झाले: शहाजी, सरफोजी आणि तुकोजी. पहिली दोन नावे शेजारी ठेवून वाचली की एकोजींच्या मनातले कळते. थोरल्याला आपल्या वडिलांचे नाव, धाकट्याला भातवडीला पडलेल्या चुलत्याचे. आजोबांचे नाव नातवाला देण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. इथे त्या रितीने एक पाऊल पुढे टाकले आणि मालोजींच्या घरातली भावांची जोडीच्या जोडी पुन्हा पाळण्यात घातली. नगरच्या पिराचे नाव असे अखंड तंजावरला पोचले.

तंजावरला गेल्यावर मात्र त्याचा पोशाख बदलला. तमिळ लिपीत 'प' आणि 'ब' यांना एकच अक्षर. 'फ'लाही पूर्वी तेच चालवून घेत. त्यामुळे तिथल्या तोंडी नाव 'सरबोजी' झाले. दरबारातल्या संस्कृत पंडितांना हे आयतेच सापडले. शरभ हा पुराणातला आठ पायांचा अचाट प्राणी. उन्मत्त झालेल्या नरसिंहाला आवरण्यासाठी शिवाने घेतलेले हे रूप. कावेरीच्या खोऱ्यात शरभाची भक्ती चोळांच्या काळापासून आहे, आणि कुंभकोणमजवळच्या त्रिभुवनमच्या मंदिरात शरभेश्वराचे दर्शन घ्यायला आजही लोक जातात. शैव मुलखातल्या राजाला याहून शोभणारे नाव कोणते? सरफोजीचा शरभोजी झाला, काव्यात शरभेंद्र झाला. पहिल्या सरफोजीच्या (1712 ते 1728) दरबारातल्या जगन्नाथ कवीने राजाचे चरित्र गाताना काव्याचे नावच 'शरभराजविलास' ठेवले. थोरला भाऊ यातून सुटला नव्हता. श्रीधर व्यंकटेशाने शहाजीवर लिहिलेल्या काव्याचे नाव 'शाहेंद्रविलास'. पिराच्या नावाचे दोन्ही तुकडे असे इंद्रपदाला चढले, आणि याबद्दल कोणी कुरकूर केल्याचे दिसत नाही.

नावाला खरी कीर्ती मिळवून दिली ती दुसऱ्या सरफोजीने. 1777 मध्ये जन्मलेल्या या मुलाला तुळजाराजांनी 1787 मध्ये मृत्युशय्येवर दत्तक घेतले आणि श्वार्ट्झ नावाच्या जर्मन पाद्र्याच्या हवाली केले. गादी मात्र तुळजांचे सावत्र भाऊ अमरसिंग यांनी बळकावली. मुलाला काही काळ मद्रासला राहावे लागले, तिथे तो इंग्रजी आणि नवी शास्त्रे शिकला. 1798 मध्ये राज्य हाती आले आणि पुढच्याच वर्षीच्या तहाने ते ईस्ट इंडिया कंपनीकडे गेले. राजाकडे तंजावरचा किल्ला, मानमरातब आणि रिकामा वेळ एवढेच उरले. त्या वेळाचे त्याने जे केले ते थक्क करणारे आहे.

सरस्वती महाल ग्रंथालय त्याने पोथ्यांनी भरले. 1820 मध्ये काशीयात्रेला निघाला, तेव्हा वाटेतल्या गावांतूनही हस्तलिखिते गोळा करवली. धन्वंतरी महालात वैद्य आणि युरोपीय डॉक्टर यांना एकत्र बसवले. तिथल्या डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी आजही जपून ठेवलेल्या आहेत: रोग्याची हकिकत, केलेला उपचार, आणि शेजारी त्या दुखऱ्या डोळ्याचे रंगीत चित्र. छापखाना काढून 1806 मध्ये इसापच्या गोष्टी 'बालबोध मुक्तावली' या नावाने मराठीत छापवल्या. बृहदीश्वराच्या आवारातल्या भिंतीवर 1803 मध्ये भोसल्यांच्या कुळाचा मराठी इतिहास कोरवून घेतला. तमिळ देशातल्या चोळांच्या देवळात मराठी अक्षरांच्या ओळींमागून ओळी चालत जातात, त्या या सरफोजीच्या हुकमाने.

त्याच्या नावावर असलेले 'देवेंद्र कुरवंजी' हे मराठी नाटक तर खास बघण्यासारखे आहे. कुरवंजी हा दक्षिणेतला नाट्यप्रकार. त्यात भविष्य सांगणारी डोंगरातली बाई येऊन नायिकेला तिच्या प्रियकराची वार्ता देते. सरफोजीच्या कुरवंजीत ही बाई इंद्राणीला जगाचा भूगोल सांगते: खंडे, देश, नद्या, शहरे. उलट बाजूने, शिवक्कोळुंदु देशिक या तमिळ कवीने 'शरभेंद्र भूपाल कुरवंजी' लिहिली आणि तिच्यात नायिका राजावरच भाळलेली दाखवली. तीही बृहदीश्वराच्या देवळात उत्सवाला नाचली जाई.

या एका माणसाच्या हयातीत नावाची तिन्ही रूपे एकाच वेळी चालू होती. मोडी कागदांत सरफोजी, संस्कृत-तमिळ काव्यात शरभेंद्र, इंग्रजांच्या पत्रव्यवहारात मराठी उच्चार ऐकून लिहिलेले सर्फोजी. गंमत अशी की पिराच्या नावातला मूळचा 'फ' मोडीने आणि इंग्रजीने सांभाळला. तमिळने आणि संस्कृतने तो सोडून दिला. नेपोलियनच्या पाडावाची आठवण म्हणून या राजाने समुद्रकाठी मनोरा बांधला, तो ज्या गावात उभा आहे त्याचे नाव शरभेंद्रराजनपट्टिणम. त्या नावात अरबी शरीफाचा मागमूस कोणाला लागावा?

मग महाराष्ट्रात हे नाव का रुजले नाही? अवघड म्हणावे तर फिरंगोजी काही सोपे नव्हते. परके म्हणावे तर शहाजी तितकेच परके, आणि ते आजही पश्चिम महाराष्ट्रात राजरोस ठेवले जाते. कारण वेगळे आहे. आपल्याकडे नाव अर्थाने कमी आणि नात्याने जास्त चालते. शहाजी म्हटले की शिवरायांचे वडील डोळ्यांसमोर येतात. 'शाह' म्हणजे काय हे कोणी विचारत नाही. सरफोजी म्हटले की महाराष्ट्रातल्या माणसाला आपला असा कोणी आठवत नाही. तंजावरला पावणेदोनशे वर्षे तेच नाव घरातल्या चुलत्याचे, आजोबांचे, राजाचे होते. 1832 मध्ये दुसरा सरफोजी वारला, त्याचा मुलगा शिवाजी 1855 मध्ये मुलगा नसताना गेला आणि कंपनीने संस्थान खालसा केले. गादीबरोबर नाव पुन्हा पुन्हा ठेवण्याचे निमित्तही संपले, आणि मराठी मुलखातून ते परत मागवायला कोणी उरले नव्हते.

हल्ली आईबाप वर्गात दुसऱ्या कोणाचे नसेल असे नाव शोधत असतात, आणि त्यासाठी अर्थाच्या याद्या चाळतात. सरफोजी त्या कसोटीला उतरते. हाक मारायला ठसठशीत आहे, लाडाने 'सरफू' म्हणता येते, आणि वर्गात दुसरा सरफोजी निघण्याची धास्ती मुळीच नाही. फक्त 'सराफ आहात का?' या प्रश्नाची तयारी ठेवावी लागेल. अर्थ विचारला तर 'कुलीन' असा सांगावा. कोणी 'नरसिंहाला आवरणारा शरभ' असा सांगितला, तर तंजावरचे पंडित तरी त्याला चूक म्हणायचे नाहीत.