मुठीला थांबायला शिकवणारी पिशवी

बॉक्सिंगच्या तालीमखान्यात शिरलात, की डोळ्यांआधी कान जागे होतात. छताजवळ बसवलेल्या लाकडी फळीखाली नासपतीच्या आकाराची, हवा भरलेली एक चामडी पिशवी टांगलेली असते. कुणी तरी तिच्यावर हात चालवत असतो आणि तबल्यावर द्रुत लय धरावी तसा तिचा अखंड आवाज चालू असतो. हीच स्पीड बॅग. पाहणाऱ्याला वाटते, काय हा वेग! पण वेग हे झाले फळ. या पिशवीपुढे मूठ आधी शिकते ती थांबायला.

हा धडा मुष्टियुद्धाला कधी आणि का लागला, हे कळण्यासाठी सव्वाशेहून अधिक वर्षे मागे जावे लागेल. अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात रिचबर्ग येथे ८ जुलै १८८९ रोजी जॉन सुलिव्हन आणि जेक किलरेन उघड्या मुठींनी लढले. ऐन उन्हात दोन तासांहून अधिक वेळ, तब्बल ७५ फेऱ्या! जुन्या नियमांत फेरीला घड्याळाचे बंधन नव्हते. दोघांपैकी एक जमिनीवर पडला की फेरी संपे. प्रतिस्पर्ध्याला कवेत धरून आपटणेही चालत असे. अशा लढतीत टिकायचे तर अंगात बळ हवे आणि मार खाण्याची तयारी हवी. सुलिव्हनकडे दोन्ही होते. तो जिंकला. उघड्या मुठींनी झालेली जागतिक विजेतेपदाची ही शेवटची मोठी लढत.

वास्तविक नवे नियम १८६७ मध्येच इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाले होते. ते ओळखले जातात मार्क्वेस ऑफ क्वीन्सबेरी यांच्या नावाने; मसुदा मात्र जॉन ग्रॅहम चेंबर्स यांचा. हातमोजे घालायचे, कुस्तीचे डाव टाकायचे नाहीत, फेरी तीन मिनिटांची, मध्ये एक मिनिट विश्रांती आणि खाली पडलेल्याने दहा सेकंदांत उठायचे. या नियमांनी सुलिव्हनने ७ सप्टेंबर १८९२ रोजी न्यू ऑर्लिन्सला आपले विजेतेपद पणाला लावले. समोर होता सॅन फ्रान्सिस्कोचा जेम्स कॉर्बेट. कधीकाळी बँकेत कारकुनी केलेला, पुढे क्लबात बॉक्सिंग शिकवणारा, अंगाने सुलिव्हनपेक्षा हलका. सुलिव्हनचे ठोसे हवेत जात राहिले, कॉर्बेट सरकत राहिला, मोजून मारत राहिला आणि २१व्या फेरीत सुलिव्हन कोसळला.

एका पिशवीने ही लढत जिंकली असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण खेळाची मागणी बदलली होती, एवढे खरे. आता सलग तीन मिनिटे हात हनुवटीपाशी राखायचे होते. खांदे भरून आले आणि हात खाली आले, की प्रतिस्पर्ध्याला दार उघडे. शिवाय ठोसा कधी मारायचा नाही, हेही समजायला हवे होते. या दोन्ही गोष्टींचा सराव ही पिशवी करून घेते.

त्यासाठी लागणारे साहित्य त्या शतकात हाताशी आले होते. १८४४ मध्ये चार्ल्स गुडइयर यांना गंधक आणि उष्णता वापरून रबर टिकाऊ करण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळाले. चामड्याच्या आत रबरी फुगा आला आणि उसळून परत येणारी पिशवी शक्य झाली. वाळूची किंवा चिंध्यांची पिशवी मार गिळून टाकते. हवेची पिशवी तो परत करते.

तिचे गणित साधे आहे. मुठीने ढकललेली पिशवी आधी पलीकडे फळीला लागते, मग अलीकडे, मग पुन्हा पलीकडे. असे तीन आवाज झाले, की पुढचा ठोसा. पिशवीचा फुगीर भाग तोंडाच्या किंवा हनुवटीच्या पातळीवर असावा. अगदी जवळ उभे राहावे, कोपरे उचललेली ठेवावीत आणि मुठीने हनुवटीसमोर लहान लहान वर्तुळे काढावीत. सुरुवात एकाच हाताने, सावकाश. नवख्याने मोठी आणि थोडी कमी हवेची पिशवी घ्यावी. ती जरा आरामात परतते. हात बसला की मग लहान पिशवी आणि दोन्ही हात.

नवखा चुकतो तो जोर लावून. जोरात मारलेली पिशवी वेडीवाकडी उसळते, लय तुटते आणि पुढचा ठोसा हवेत जातो. दुसरी चूक घाईची. तिसऱ्या आवाजाआधी हात पुढे गेला, की पिशवी उलट्या बाजूला असते. म्हणून जाणते शिक्षक सांगतात, डोळे वेगाला फसतात, कानांनी मोजा.

पुढे या कसरतीची करमणूकही झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील रंगमंचांवर एकाच वेळी अनेक पिशव्या वाजवून दाखवणारे कलाकार टाळ्या घेत. म्हणूनच काही प्रशिक्षक आजही नाक मुरडतात : ही नुसती शोभा, पिशवीवरचा हात लढतीतल्या ठोशासारखा पडतच नाही. आक्षेप खोटा नाही. ठोशाची ताकद जड पिशवीवर आणि पायांची चाल प्रतिस्पर्ध्यासमोरच शिकावी लागते. पण ताल, नजर आणि न थकणारे खांदे इथे घडतात. आजही खेळाडू या पिशवीपुढे तीन-तीन मिनिटांच्या फेऱ्या करतात. क्वीन्सबेरींचे घड्याळ इथेही चालूच असते.

१९५४ मध्ये लुईव्हिल शहरात बारा वर्षांच्या एका मुलाची सायकल चोरीला गेली. चोराला बडवून काढीन, असे तो संतापून जो मार्टिन या पोलिसाला म्हणाला. मार्टिन मुलांना बॉक्सिंग शिकवत. आधी लढायला तर शीक, असे त्यांनी त्याला सुनावले. तो मुलगा पुढे मुहम्मद अली झाला.

तालीमखान्यात रागाने मुठी आवळून येणारी मुले आजही असतात. चार ठोशांत त्यांना कळून चुकते, की ही पिशवी रागाला जुमानत नाही. राग गिळून तीन आवाज ऐकायची ज्याची तयारी असते, त्याच्याच हाती ती लागते.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)