पायाखालची जमीन

मराठीत ‘जमीन’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. सिंधुदुर्गात सातबारावर आणि गोव्यात एक-चौदाच्या उताऱ्यावर जिची नोंद होते ती जमीन, आणि घरात आपण सारवतो किंवा जिच्यावर लादी बसवतो तीही जमीनच. आमच्या कोकणीतल्या ‘भुंय’ शब्दाचेही तसेच आहे. घरसजावटीच्या रीती आवडीनिवडीप्रमाणे बदलतात, असे आपण समजतो. पण पेडणे महालातील घरे पाहिली, तर वेगळेच दिसते. पहिल्या जमिनीवर हक्क कोणाचा, यावर दुसरी जमीन कशी असावी हे ठरत आले आहे.

बारदेश, तिसवाडी व साष्टी या जुन्या काबिजादी सोळाव्या शतकात पोर्तुगिजांकडे गेल्या. डिचोली १७८१ साली, सत्तरी १७८२ साली आणि पेडणे १७८८ साली त्यांच्या ताब्यात आले. दोन शतकांहून अधिक असलेले हे अंतर घरांतही उमटले. तिकडच्या श्रीमंत घरांना बल्कांव आले, शिंपल्यांच्या खिडक्या आल्या, रंगीत लाद्या आल्या. इकडे राजांगण, चौक व तुळशीवृंदावन टिकले. श्रीमंतांच्या घरांत आणि देवळांत तांबडी माती व शिंपल्यांचा चुना यांतून कावीची चित्रे उमटली. १८६५ साली मंगळूरला बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला आणि पुढे किनाऱ्याने मंगळुरी कौले सर्वत्र पोचली. चौकोनी मातीच्या लाद्याही सधन घरांत आल्या.

बहुसंख्य घरांत मात्र शेणाने सारवलेली जमीनच राहिली. पावसाळा सरला की माती आणायची, चोपण्याने चोपायची आणि वर सारवण घालायचे. काळीभोर दिसावी म्हणून शेणात कोळशाची पूड मिसळत. सणासुदीला त्यावर रांगोळीचे कणे उठून दिसत. ही जमीन उन्हाळ्यात थंड असे, हे खरे. पण ती पावसात ओलावा धरी आणि दर आठवड्याला घरातल्या बाईचे गुडघे व कंबर मागे. तिच्या आठवणीने आज हळवे होणाऱ्यांत सारवणाऱ्या बायका फारशा आढळत नाहीत.

मग ही जमीन बदलली का नाही? सिमेंट तर जगात १८२४ पासून होते. त्या साली इंग्लंडमध्ये जोसेफ ॲस्प्डिनने पोर्टलँड सिमेंटचे पेटंट घेतले. १९२२ साली स्वदेशीच्या भावनेतून निघालेल्या भारत फ्लोअरिंग्ज या कंपनीने नक्षीदार सिमेंटच्या लाद्या मुंबईजवळ उरणला करायला घेतल्या. म्हणजे वस्तू उपलब्ध होती. पैसा नव्हता, हे एक कारण. दुसरे कारण असे की, आमच्याकडचे कितीतरी लोक मुंडकार होते. घर त्यांचे, पण घराखालची जागा भाटकाराची. भाटकाराच्या संमतीवाचून पक्के बांधकाम करायची सोय नव्हती, आणि उद्या ‘उठ’ म्हटले तर उठावे लागणार ही धास्ती होती. अशा जागेवर सिमेंट कोण ओतील?

गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला. १९६४ साली कूळ कायदा झाला. १९७५ साली, शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री असताना, मुंडकार संरक्षण कायदा आला. मुंडकाराला हुसकावण्यास त्याने प्रतिबंध केला आणि घराची जागा विकत घेण्याची वाट मोकळी केली. त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत हरमलच्या वाड्यावाड्यांतून सिमेंटची तांबडी जमीन आली. आमच्या घरी ती मी सहावीत असताना झाली. गवंड्याने तांबडा रंग मिसळलेले सिमेंट थापीने घोटून गुळगुळीत केले, आठवडाभर त्यावर पाणी ठेवले. आई नंतर कित्येक दिवस खोबरेल तेलाच्या फडक्याने ती पुसत होती. तिच्या दृष्टीने ती शोभेची वस्तू नव्हती. आता आपल्याला कोणी उठवणार नाही, याची ती खूण होती.

पुढचे बदल भराभर झाले. आखाताचा पैसा आला तशी मोझाईक आली, मग संगमरवर, मग आरशासारख्या चकचकीत टाइल्स. तांबडी जमीन जुनाट ठरून उखडली गेली. आणि आज? किनाऱ्यावर पर्यटकांसाठी सजवलेल्या घरांतून तीच तांबडी जमीन, तेच शिंपल्यांचे तावदान, तीच नक्षीची लादी ‘अस्सल गोवा’ म्हणून मिरवते आहे. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून पेडण्यातल्या जमिनीकडे बाहेरच्यांचे लक्ष अधिकच वेधले आहे.

जुनी रीत परत आली याचा आनंद आहे. परंतु तांबडी जमीन परत येत असताना तिच्याखालची जमीन हातची जात असेल, तर तो सौदा महागाचा आहे. मुंडकारीचे कितीतरी दावे अजून मामलेदारांकडे पडून आहेत. तेव्हा या दिवाळीत घराची डागडुजी काढणाऱ्या वाचकांना एक सुचवावेसे वाटते. टाइल्स कोणत्या बसवायच्या हे मुलांना विचाराच, पण त्याआधी आजोबांच्या पेटीतले कागद बाहेर काढा आणि आपल्या घराखालची जागा कोणाच्या नावावर आहे, ते मुलांसोबत वाचून पाहा.